मालकाविना चालणारी संघटना आणि तिचा अभ्यासक

संघटना म्हटली की समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. तिला एक जागा असते, हजेरीपट असतो, वेतन देणारा कोणी असतो आणि वरिष्ठाने सांगितलेले काम कनिष्ठाने करावयाचे असा क्रम असतो. गिरणी, पेढी, सरकारी कचेरी, विद्यापीठ या सर्वांना हे वर्णन थोड्याफार फरकाने लागू पडते. मॅक्स वेबरने विसाव्या शतकाच्या आरंभी नोकरशाहीचे जे विवेचन केले, त्याच्या मुळाशी हेच चित्र आहे. परंतु गेल्या काही दशकांत अशा संघटना अस्तित्वात आल्या आहेत की, ज्यांना यांपैकी एकही लक्षण धडपणे लागू पडत नाही. त्यांचे सभासद परस्परांना पाहत नाहीत; अनेकांची खरी नावेही एकमेकांस ठाऊक नसतात; बहुतेकांना कामाचा मोबदला मिळत नाही; आणि तरीही त्यांच्या हातून अवाढव्य काम पार पडते. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी तो सुरू केला. आज तो तीनशेहून अधिक भाषांत चालतो आणि त्याच्या एकट्या इंग्रजी आवृत्तीत ७० लाखांहून अधिक लेख आहेत.

अशा संघटनांना ‘आभासी संघटना’ आणि ज्या समाजाचे व्यवहार मुख्यतः संगणकांच्या जाळ्यावर चालतात त्याला ‘डिजिटल समाज’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘आभासी’ या शब्दाने मात्र फसगत होण्याचा संभव आहे. सभासदांची भेट प्रत्यक्ष होत नसली, तरी त्यांच्यातील मैत्री, मत्सर, मानापमान आणि सत्तेची स्पर्धा यांत आभास काहीच नाही. या संघटनांत हुकूम देणारा कोणी दिसत नाही, तर मग शिस्त कोठून येते, हा तिच्या अभ्यासकापुढील मुख्य प्रश्न होय. पोलंडमधील दार्युश येम्येल्न्याक या संशोधकाने या प्रश्नाचा जो मागोवा घेतला, त्याच्या आधारे या नव्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बेटांवरून पडद्यावर

पोलंडचा या विषयाशी जुळणारा एक जुना धागा आहे. क्राकूव्ह येथे १८८४ मध्ये जन्मलेला ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळील ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला, तेथील भाषा शिकला, आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तेथील लोकांचा ‘कुला’ नावाचा विनिमयव्यवहार वर्णन केला. त्यापूर्वीही प्रवासी व मिशनरी यांनी दूरच्या समाजांची वर्णने केलीच होती. परंतु ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांच्यात दीर्घकाळ राहून, त्यांच्या नित्य व्यवहारांत भाग घेऊन, त्यांना स्वतःला आपल्या कृतीचा जो अर्थ वाटतो तो समजून घ्यावयाचा, हा दंडक मानवशास्त्रात त्याच्यापासून दृढ झाला. यालाच सहभागी निरीक्षण असे म्हणतात.

संगणकाच्या पडद्यावर जमणाऱ्या समूहांना हीच पद्धत लावता येईल काय, हा प्रश्न १९९० नंतर उपस्थित झाला. हॉवर्ड राइनगोल्ड याने १९९३ मध्ये अशा समूहांना ‘आभासी समुदाय’ हे नाव रूढ करून दिले. क्रिस्टीन हाइन यांनी २००० मध्ये या पद्धतीची शास्त्रीय मांडणी करणारे पुस्तक लिहिले. टॉम बेलस्टॉर्फ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने ‘सेकंड लाइफ’ या पडद्यावरील काल्पनिक जगात दोन वर्षांहून अधिक काळ क्षेत्राभ्यास केला आणि २००८ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचे नाव मार्गारेट मीड यांच्या सामोआ बेटांवरील १९२८ च्या पुस्तकाच्या नावावर बेतलेले आहे. येम्येल्न्याक यांनीही हाच मार्ग पत्करला. त्यांचा पोलिश ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे शीर्षक मालिनोव्स्कीच्या एका गाजलेल्या शीर्षकाचे स्मरण करून देणारे होते. त्याचा भावार्थ ‘आभासी वन्य लोकांचे जीवन’ असा आहे. पुढील वर्षी तो इंग्रजीत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातर्फे ‘सामाईक ज्ञान?’ अशा अर्थाच्या प्रश्नार्थक नावाने निघाला. नावातील प्रश्नचिन्ह अर्थपूर्ण आहे, हे पुढील विवेचनावरून कळून येईल.

येम्येल्न्याक हे वॉर्सा येथील कोझ्मिन्स्की विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक असून जाळ्यावरील व डिजिटल समाजांतील व्यवस्थापनाचा अभ्यास करणारा विभाग त्यांनी तेथे चालविला आहे. त्यांचे आधीचे काम संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कामगारांवर होते. तो ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञान हेच ज्याचे हत्यार आहे अशा कामगारावर देखरेख कशी ठेवली जाते, हा त्यांच्या चिंतनाचा जुना विषय होता. विकिपीडियाकडे ते वळले ते हाच प्रश्न घेऊन. फरक एवढाच की, येथे देखरेख करणारा धनीच नव्हता. या समूहात ते केवळ निरीक्षक राहिले नाहीत. पोलिश विकिपीडियावर ते लेखक व प्रचालक झाले. पुढे सर्व भाषांतील प्रकल्पांत विशेषाधिकार देण्याघेण्याचे काम ज्यांच्याकडे असते, अशा थोड्या ‘कारभाऱ्यां’मध्ये त्यांची निवड झाली, आणि ग्रंथ लिहून झाल्यावर २०१५ मध्ये ते विकिमीडिया प्रतिष्ठानच्या विश्वस्त मंडळावर गेले.

क्षेत्राचे स्वरूप

ज्याने विकिपीडियाची पाने केवळ वाचली आहेत, त्याला हे क्षेत्र दिसलेले नसते. प्रत्येक लेखामागे दोन पाने असतात. पहिले इतिहासाचे: कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी कोणता शब्द घातला वा काढला याची नोंद त्यात आपोआप होते आणि ती कायम राहते. दुसरे चर्चेचे: तेथे लेखक परस्परांशी वाद घालतात. लेख हा वाड्याचा दर्शनी भाग मानला, तर ही दोन पाने म्हणजे त्याचे माजघर होय. याखेरीज नियमांची शेकडो पाने आहेत. लेखाचा दृष्टिकोन तटस्थ असावा. प्रत्येक विधानाला पडताळून पाहता येईल असा आधार असावा. स्वतःचे नवे संशोधन येथे मांडू नये. दुसऱ्याच्या हेतूविषयी सद्भाव गृहीत धरावा. एकाच लेखातील दुसऱ्याचे बदल चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवू नयेत. गंमत अशी की, ज्ञानकोशाच्या सुधारणेच्या आड येत असल्यास नियमच बाजूला ठेवावा, असाही एक नियम त्यांत आहे.

मालिनोव्स्कीला आपण बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वीचे वाद प्रत्यक्ष ऐकता येणे शक्य नव्हते. येथे दहा वर्षांपूर्वीचा वाद शब्दशः वाचता येतो. हा या क्षेत्राचा मोठा लाभ होय. पण उणिवाही तितक्याच आहेत. पडद्यामागील माणसाचे वय, व्यवसाय, देश, आवाजातील चढउतार यांतले काहीच नोंदीत उमटत नाही. रागावून जो कायमचा निघून गेला, त्याने जाताना कारण लिहिलेले नसते. म्हणूनच नोंदी कितीही पूर्ण असल्या, तरी त्या वाचणाऱ्याने त्या समूहात स्वतः वावरलेले असणे आवश्यक ठरते. एखादा नियम कोणी उद्धृत केला, तर तो खरोखर नियमासाठी की प्रतिपक्षाला थकविण्यासाठी, हे बाहेरच्याला कळणे कठीण आहे.

एका शहराचे नाव

या समूहात शिस्त कशी निर्माण होते हे समजण्यासाठी येम्येल्न्याक यांनी ज्या वादाचे सविस्तर विवेचन केले आहे, तो पाहणे उपयुक्त ठरेल. बाल्टिक समुद्राच्या काठी एक जुने बंदर आहे. पोलिश भाषेत त्याचे नाव ग्दान्स्क, जर्मन भाषेत डान्झिग. १३०८ मध्ये ते ट्यूटन सरदारांच्या संघाने घेतले. १४५४ मध्ये ते पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आले, परंतु तेथील नागरिकांत जर्मन भाषिकांचा भरणा राहिला. १७९३ मध्ये ते प्रशियाकडे गेले. १९२० पासून ते राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालील स्वतंत्र नगर होते. १९३९ मध्ये जर्मनीने ते बळकावले, आणि १९४५ नंतर ते पोलंडमध्ये आहे. मग इंग्रजी ज्ञानकोशातील लेखांत या शहराला कोणत्या नावाने संबोधावे? बेळगावच्या नावावरून झालेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्या वाचकांस या प्रश्नामागील भावनेची तीव्रता निराळी सांगावयास नको.

एक सभासद ‘डान्झिग’ लिही, दुसरा काही मिनिटांत ‘ग्दान्स्क’ करी, पहिला पुन्हा पूर्वीचे नाव घाली. दोन्ही बाजूंजवळ आधार होते, नकाशे होते, शतकांचा इतिहास होता. तटस्थतेचा नियम दोघेही पुढे करीत. असे बराच काळ चालल्यावर फेब्रुवारी-मार्च २००५ मध्ये कालखंडवार मतदान घेण्यात आले. १३०८ पूर्वीच्या आणि १९४५ नंतरच्या संदर्भांत ‘ग्दान्स्क’, मधल्या काळात ‘डान्झिग’ असा निर्णय झाला. ज्या स्थळांचा इतिहास जर्मनी व पोलंड या दोघांशी निगडित आहे, त्यांचा प्रथम उल्लेख करताना दुसरे नावही द्यावे, असेही ठरले. या निर्णयाने कोणाचे मत पालटले असे नाही. पण वादाचे स्वरूप पालटले. यापुढे भांडावयाचे ते ‘खरे नाव कोणते’ यावर नव्हे, तर ‘हा संदर्भ कोणत्या कालखंडात पडतो’ यावर.

या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मुक्त सहकार्याविषयी जे गोड चित्र रंगविले जाते, त्यात अनेक माणसे एकदिलाने काम करतात आणि त्यांच्या सामूहिक शहाणपणातून सत्य आपोआप वर येते. येम्येल्न्याक यांना क्षेत्रात आढळले ते याहून वेगळे. मतभेद व संघर्ष हा तेथील नित्य व्यवहार आहे. पुष्कळ सुधारणा त्याच घर्षणातून होतात. अनेकदा एकमत म्हणून जे दिसते, ते एक पक्ष थकून निघून गेल्यामुळे दिसत असते. टिकून राहण्याची चिकाटी आणि नियमांची जाण ज्याच्याजवळ अधिक, त्याचे पारडे जड होते.

माणसाऐवजी रीतीवर विश्वास

दुसरे उदाहरण विश्वासाचे आहे. इंग्रजी विकिपीडियावरील एक वजनदार सभासद टोपणनावाने लिहीत असे आणि आपण धर्मशास्त्राचा प्राध्यापक असल्याचे सांगत असे. २००६ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी साप्ताहिकाने त्याचा तसाच परिचय छापला. २००७ च्या आरंभी उघडकीस आले की, तो चोवीस वर्षांचा तरुण असून प्राध्यापक मुळीच नाही. दरम्यान वादांचा अंतिम निवाडा करणाऱ्या लवाद समितीवरही त्याची नेमणूक झाली होती. प्रकरण उघड होताच त्याला सर्व पदे सोडावी लागली.

एखाद्या विद्यापीठात असे घडते, तर पुढील पाऊल ठरलेले असते: सर्वांच्या पदव्या तपासाव्यात. संस्थापक वेल्स यांनी त्याच धर्तीची सूचना केलीही. समूहाने ती मान्य केली नाही. लिहिणारा कोण, हा प्रश्नच आपल्याकडे गैरलागू आहे. त्याने दिलेला आधार तपासावा, अशी त्यामागील भूमिका होती. पदवी तपासण्याची सोय झाली की पदवीधराच्या शब्दाला आधाराविना वजन येईल, ही भीतीही तिच्यात होती. येम्येल्न्याक यांच्या विवेचनाचे सार येथे आहे. व्यवहारात सामान्यतः आपण माणसावर विश्वास ठेवतो, किंवा त्याच्या पदवीमागे उभ्या असलेल्या संस्थेवर ठेवतो. या समूहाने तो विश्वास माणसावरून काढून कामाच्या रीतीवर ठेवला. धनी नाही, पण नोंद आहे. वरिष्ठ नाही, पण प्रत्येक जण दुसऱ्याचे काम पाहू शकतो. नियंत्रण येथे संपलेले नसून ते सर्वांच्या डोळ्यांत वाटले गेले आहे, आणि म्हणूनच काही बाबतींत ते कचेरीतील नियंत्रणापेक्षा अधिक कडक आहे.

येथे वेबरकडे पुन्हा वळावे लागते. नोकरशाहीला विरोध म्हणून जो समूह उभा राहिला, त्यानेच नियमांचे असे जंगल वाढविले की नवख्याला त्यात वाट सापडू नये. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय लेखकांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोचली आणि नंतर घटू लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याची कारणमीमांसा करताना असे दाखविण्यात आले की, दर्जा राखण्यासाठी तयार केलेल्या नियमांनी व यांत्रिक साधनांनी हेतू चांगला असलेल्या नवागतांनाही परत फिरविले.

अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्नही येथे नव्याने उभा राहतो. बाजारात सर्व काही विकत मिळत असता माणसे संस्था कशासाठी काढतात, असे रॉनल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारले होते. प्रत्येक गोष्टीसाठी बाजारात नव्याने करार करण्याचा खर्च टाळण्यासाठी, असे त्यांचे उत्तर होते. २००२ मध्ये योखाय बेंक्लर यांनी दाखविले की, बाजार व संस्था यांखेरीज उत्पादनाचा तिसराही प्रकार संभवतो. किंमत नाही आणि हुकूमही नाही, तरी काम होते. कारण ते लहान तुकड्यांत विभागता येते आणि ते तुकडे जोडण्याचा खर्च संगणकाने अत्यल्प केला आहे. मात्र हुकूम नाही याचा अर्थ सत्ता नाही असा होत नाही, ही पुस्ती क्षेत्राभ्यासाने जोडली.

लहान भाषांचा प्रश्न

सत्तेच्या या प्रश्नाला रॉबर्ट मिखेल्स याचा १९११ मधील सिद्धान्त लागू करून पाहण्यासारखा आहे. युरोपातील समाजवादी पक्षांचा अभ्यास करून तो अशा निष्कर्षास आला की, कितीही लोकशाहीवादी संघटना वाढत गेली म्हणजे मूठभरांच्या हाती जाते. ॲरन शॉ व बेंजामिन माको हिल यांनी २०१४ मध्ये विकीच्या पद्धतीने चालणाऱ्या ६८३ समूहांच्या नोंदी तपासल्या. त्यांनाही तेच आढळले: समूह वाढतो तसे आरंभीचे थोडे लोक अधिकार आपल्याकडे राखतात आणि नवागतांचे काम अधिक प्रमाणात उलटविले जाते.

इंग्रजीसारख्या मोठ्या भाषेत पाहणारे डोळे पुष्कळ असल्याने या प्रवृत्तीला काहीसा अटकाव होतो. ज्या भाषेत लिहिणारे थोडे, तेथे रीतीवरील विश्वास केवळ नावाला उरण्याचा धोका असतो. क्रोएशियन विकिपीडियाचे उदाहरण बोलके आहे. तेथे काही मोजक्या प्रचालकांनी वर्षानुवर्षे पकड ठेवली, अतिरेकी राष्ट्रवादी दृष्टीने दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास लिहिला आणि विरोध करणाऱ्यांना बाहेर काढले. २०१३ मध्ये देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो कोश न वापरण्याचा सल्ला दिला. विकिमीडिया प्रतिष्ठानने या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला तो २०२१ मध्ये. स्कॉट्स भाषेची हकीकत याहून चमत्कारिक आहे. २०२० मध्ये असे दिसून आले की, त्या कोशातील हजारो लेख ती भाषा नीट न येणाऱ्या एका अमेरिकी किशोराने लिहिले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. नियम तेथेही तेच होते. तपासणारे कोणी नव्हते, एवढेच.

मराठीच्या अभ्यासकाला या ठिकाणी स्वतःच्या परंपरेशी तुलना करण्याची चांगली संधी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी भागभांडवल गोळा करून मंडळी स्थापिली आणि १९२० च्या दशकात २३ खंडांचे ते काम तडीस नेले. तेथे बांधणी व्यापारी कंपनीची आणि प्रेरणा एका विद्वानाच्या जिद्दीची होती. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली शासनाच्या आश्रयाने चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. तेथे विषयतज्ज्ञ नेमलेले होते आणि नोंदीखाली लेखकाचे नाव असे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्याच्यामागे भागधारक नाहीत आणि शासकीय मंडळही नाही. विश्वासाचे अधिष्ठान पहिल्या ठिकाणी संपादकाची कीर्ती, दुसऱ्या ठिकाणी तज्ज्ञाची पदवी व शासनाची मुद्रा, तिसऱ्या ठिकाणी उघडी नोंद व आधार, असे बदलत गेले आहे. यांपैकी तिसरे अधिष्ठान पहिल्या दोहोंपेक्षा स्वस्त असले, तरी फुकट नाही. त्याची किंमत लक्ष ठेवणाऱ्या माणसांच्या संख्येत मोजावी लागते. मराठी बोलणारे कोट्यवधी असले, तरी आपल्या भाषेतील कोशाची पाने तपासणारे किती, यावर त्या कोशाची विश्वसनीयता अवलंबून राहील.

संख्या आणि अर्थ

आता पद्धतीचा प्रश्न. डिजिटल समाजातील प्रत्येक कृतीची नोंद आपोआप होत असल्याने संशोधकाजवळ आकड्यांचे डोंगर साचतात. कोट्यवधी नोंदी संगणकाकडून मोजून घेतल्या की अभ्यास झाला, असे वाटण्याचा मोह स्वाभाविक आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डतर्फे प्रसिद्ध झालेल्या पद्धतिविषयक ग्रंथात येम्येल्न्याक यांनी या मोहाविरुद्ध युक्तिवाद केला आहे. मोजणी आणि क्षेत्राभ्यास यांची सांगड घालावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोणता लेख किती वेळा उलटविला गेला, कोणत्या दोन सभासदांत सर्वाधिक खटके उडाले, हे मोजणी सांगते; त्या खटक्यांत पणाला काय लागले होते, हे त्या समूहात वावरल्याविना समजत नाही. ग्दान्स्कच्या वादात किती बदल झाले हे यंत्र क्षणात सांगेल. १३०८ आणि १९४५ हीच वर्षे सीमारेषा का ठरली, हे सांगण्यासाठी पोलंड-जर्मनीचा इतिहास आणि वादकांची मने या दोहोंची जाण हवी.

या पद्धतीवर तीन आक्षेप घेता येतात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला असा की, जो स्वतः समूहात अधिकारपदावर आहे, त्याचे निरीक्षण निःपक्षपाती राहील काय? याला उत्तर एवढेच की, आपले स्थान लपविण्याऐवजी ते वाचकापुढे ठेवले म्हणजे वाचकाला तेवढी वजावट करता येते. तो दोष पूर्णपणे नाहीसा होत नाही. दुसरा आक्षेप नीतीचा. पानावरील लिखाण सर्वांना खुले असले, तरी लिहिणाऱ्याने ते संशोधकासाठी लिहिलेले नसते. टोपणनावामागचा माणूस आपल्या समूहात प्रतिष्ठा बाळगून असतो आणि त्याचे एक वाक्य उद्धृत केले तरी शोधयंत्राने तो सापडतो. तेव्हा उघड नोंद म्हणजे वापरण्याची परवानगी, असे समीकरण मांडता येत नाही.

तिसरा आक्षेप क्षेत्राच्या मालकीचा आहे. विकिपीडियाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. परंतु बहुतेक डिजिटल समाज खाजगी कंपन्यांच्या आवारात वसलेले आहेत आणि त्या कंपन्या फाटक केव्हाही लावू शकतात. ट्विटर या कंपनीने आपल्या नोंदी संशोधकांना मोफत पुरविण्याची सोय २०२३ मध्ये बंद केली तेव्हा अनेक विद्यापीठांतील चालू अभ्यास अडले. त्यातच २०२२ च्या अखेरीपासून भाषा लिहिणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. पानावरील वाक्य माणसाचे की यंत्राचे, हे पूर्वी विचारावेसे न वाटणारे प्रश्न आता क्षेत्राभ्यासाच्या आरंभीच विचारावे लागतात.

समारोप

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आभासी संघटनेत हुकूम देणारा धनी नसतो, म्हणून तेथे सत्ता नसते असे नाही. ती नियमांत, नोंदींत आणि नियम जाणणाऱ्यांच्या चिकाटीत जाऊन बसते. तिला तेथून शोधून काढणे हे अभ्यासकाचे काम होय. केवळ आकडेमोडीने ते होणार नाही, आणि केवळ सहवासानेही होणार नाही.

आपल्या विद्यापीठांतील समाजशास्त्र, भाषा व व्यवस्थापन या विभागांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. मराठी विकिपीडियावरील वाद हे याच लिपीत, सर्वांना वाचता येतील अशा रीतीने नोंदलेले आहेत; त्यांसाठी प्रवासखर्च लागत नाही आणि कोणाच्या परवान्याचीही आवश्यकता नाही. गावांच्या नावांवरून, जातींच्या इतिहासावरून, संतांच्या चरित्रांवरून आणि शुद्धलेखनावरून तेथे काय चर्चा झाल्या, त्यांत कोण टिकले व कोण निघून गेले, याचा पद्धतशीर अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास त्याला विषयाचा तुटवडा पडणार नाही. तो सुरू करण्यापूर्वी त्याने स्वतः काही महिने तेथे लेखन करावे, आपले लिखाण उलटविले जाण्याचा अनुभव घ्यावा, आणि मग मोजावयास बसावे.